एकोणिसाव्या चौकटीतला निळा टाका

असं समजा, की तुमच्या हातात सुई आहे. समोर पांढऱ्या कापडाचा दोन हात लांब तुकडा पसरला आहे आणि त्यावर पेन्सिलीनं वीस चौकटी आखल्या आहेत. त्या चौकटींत मिळून तुम्हाला दोनशे दहा लाल टाके घालायचे आहेत आणि दोनशे दहा निळे. हातात चार दिवस आहेत. टाके घालणं तसं अवघड नाही, तुमचा हात त्याला सरावलेला आहे. पण एक आख्खी चौकट जरी चुकली, तर तुमच्या मास्तरांचं दोन वर्षांचं काम बुडेल आणि तुमच्यासकट नऊ मुलींचा विज्ञानाचा तास कायमचा बंद होईल.

आता खरं सांगा, तुम्हाला स्वस्थ बसवेल?

अंजनीलाही बसवत नव्हतं. ती चार टाके घाली, उठे, दारापर्यंत जाई, पायरीवर उभी राहून गल्लीच्या टोकाकडे बघे आणि परत येऊन सुई उचली. आई म्हणे, "अगं, बूड टेक की जरा! पायांत भिंगरी बांधलीया व्हय तुझ्या?"

गोष्ट १९३७ सालची आहे. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. चार पावलं पलीकडे गेलं की इंग्रज सरकारचं बेळगाव लागे. गल्लीत दोन्ही बाजूंना विणकरांची घरं आणि घराघरात माग. सकाळी माग सुरू झाले की सगळी गल्ली खटक-खट, खटक-खट अशी चालू लागे. अंजनीचे वडील कल्लाप्पा लुगडी विणायचे. आई दुर्गाबाई सूत भरून द्यायची. अंजनी तेरा वर्षांची होती आणि जवळच्याच मुलींच्या शाळेत जात होती.

त्या शाळेत बसवंत मास्तर होते. उंच, किडकिडीत, बोलताना दोन्ही हात खडूनं पांढरे करून घेणारे. मुलींना शिवण आणि स्वयंपाक पुरे, असं सगळ्यांचं म्हणणं असताना त्यांनी हट्टानं आठवड्यातून तीन दिवस विज्ञानाचा तास सुरू केला होता. दोन वर्षं तो चालला. आता सांगलीहून तपासनीस साहेब येणार होते. मुलींना काही समजतं की नुसतं पाठ येतं, हे बघून ते शेरा लिहिणार होते. शेरा चांगला आला तर तास राहील. नाहीतर त्या वेळात पुन्हा शिवण. साहेब सोमवारी येणार होते.

म्हणून मास्तरांनी हा तक्ता करायला घेतला होता.

"जगातली प्रत्येक वस्तू मूलद्रव्यांची बनलेली," ते वर्गात सांगत. "लोखंड, तांबं, गंधक, हवेतला प्राणवायू. प्रत्येक मूलद्रव्याचा अणू वेगळा. पण वेगळा म्हणजे काय? अणूच्या अगदी मधोमध प्रोटॉन नावाचे कण असतात. त्यांच्यावर धन भार. बाहेरच्या बाजूला इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्यावर ऋण भार. जितके प्रोटॉन, तितकेच इलेक्ट्रॉन. दोन्ही भार एकमेकांना खोडून काढतात, म्हणून बाहेरून अणूवर भार दिसत नाही. हायड्रोजनचा एक आणि एक. हेलियमचे दोन आणि दोन. सोडियमचे अकरा आणि अकरा. हा जो आकडा, तो त्या मूलद्रव्याचा अणुक्रमांक."

तक्त्यात पहिली वीस मूलद्रव्यं घ्यायची होती. प्रोटॉनसाठी लाल टाका, इलेक्ट्रॉनसाठी निळा. अंजनीचा हात सगळ्यांत नेटका, म्हणून काम तिच्याकडे आलं. कापड तिच्या वडिलांनी दिलं.

एक गोष्ट मात्र मास्तरांनी बजावून सांगितली होती. "लाल टाके मधोमध घाल, दाट, एकात एक गुंतवून. उसवता येऊ नयेत असे. निळे त्यांच्याभोवती, पण सुटे. प्रत्येकाची गाठ वेगळी, आणि मागच्या बाजूला बोटभर दोरा सोड."

"सुटे कशाला, मास्तर? दुप्पट वेळ लागतोय."

"घाल तर खरी," मास्तर म्हणाले होते.

गुरुवारी त्यांना निपाणीहून निरोप आला, की आई आजारी आहे. दुपारच्या मोटारीनं ते गेले. जाताना अंजनीच्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर घाईघाईत वीस नावं आणि वीस आकडे लिहिले होते. "सोमवारी सकाळी येतोच. वजनं लिहायची राहिलीत, ती कपाटातल्या पुस्तकातून घे."

शुक्रवारी अंजनीनं पुस्तक उघडलं. जुनं होतं ते, पानं पिवळी पडलेली, कडेनं कुरतडलेली. त्यात मूलद्रव्यं वजनाच्या क्रमानं मांडली होती. सगळ्यांत हलकं आधी, मग त्याहून जड, मग त्याहून जड. चिठ्ठीतली नावं आणि पुस्तकातली नावं सतराव्या क्लोरिनपर्यंत अगदी जुळत आली. मग अंजनीचं बोट थांबलं.

चिठ्ठीत अठरावा होता आर्गॉन आणि एकोणिसावा पोटॅशियम. पुस्तकात आधी पोटॅशियम, वजन एकोणचाळीस पूर्णांक एक. त्याच्यानंतर आर्गॉन, वजन एकोणचाळीस पूर्णांक नऊ.

तिनं पुन्हा बघितलं. चिठ्ठी उजेडाकडे धरली. आकडे स्पष्ट होते.

शेजारच्या गल्लीतली जयवंता तिच्याच वर्गात होती आणि दोरा ओवून द्यायला येऊन बसली होती. ती म्हणाली, "त्यात काय बघायचं? मास्तर घाईत व्हते. चुकलं असंल."

"मास्तर आकड्यात चुकत न्हाईत."

"मग पुस्तक चुकलं म्हण! छापलेलं खोटं असतंय व्हय? शाणीच हाईस."

 अंजनीनं बाकीच्या अठरा चौकटी भरायला घेतल्या आणि त्या दोन रिकाम्या ठेवल्या. पण हात एकीकडे आणि डोकं त्या दोन चौकटींत. मास्तरांचं ऐकावं आणि मास्तरच चुकले असतील तर? साहेब म्हणतील, साधा क्रम लावता येत नाही. पुस्तकाचं ऐकावं आणि पुस्तक चुकलं असेल तर? तेच. दोन्हीकडून तास बंद, आणि सुई तिच्या हातात. गंधकाच्या चौकटीत तिनं सोळाच्या जागी सतरा लाल टाके घातले आणि ते उसवताना बोटाला दोनदा सुई टोचून घेतली.

शनिवारी सकाळी ती उठली ती सरळ जयवंताला घेऊन मोटारीच्या अड्ड्यावर गेली. निपाणीची सर्व्हिस मोटार भरमा चालवायचा. खाकी टोपी, पानानं लाल झालेलं तोंड. अंजनीनं त्याच्या हातात घडी केलेला कागद दिला.

"भरमाण्णा, निपाणीत बसवंत मास्तरांना एवढं द्यायचं. आणि ते काय सांगतील ते आणायचं."

"काय हाय ह्यात?"

"आर्गॉन आधी का पोटॅशियम आधी, ते इचारलंय."

भरमानं कागद कानामागं अडकवला. "कोण का आधी असंना. माझ्या मोटारीत जो आधी चढंल त्याला खिडकी."

संध्याकाळी मोटार परत आली तेव्हा अंजनी आधीच अड्ड्यावर उभी होती. भरमानं लांबूनच हात हलवला. मास्तर डॉक्टरांना आणायला गेले होते, गाठ पडली नाही, कागद घरी ठेवला आहे. उद्या बघू. अंजनी घरी परतली ती वाटेतल्या प्रत्येक दगडाला लाथ मारत.

रविवारी दुपारी जबाब आला. तिच्याच कागदाच्या मागं मास्तरांच्या अक्षरात एक ओळ होती. बस, एकच.

"तुझ्या घरी लुगडं कशावरून ओळखतात, ते आप्पांना विचार."

अंजनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आधी कोण आणि नंतर कोण, दोन शब्दांत सांगता आलं असतं! तिनं तो कागद मुठीत चुरगाळला, मग पुन्हा उलगडला, आणि घरी येऊन वडिलांपुढं धरला.

कल्लाप्पा जेवून सुपारी कातरत बसले होते. त्यांनी कागद वाचला, हसले, आणि फळीवरून दोन लुगडी काढून तिच्या दोन हातांवर ठेवली. दोन्हींचा रंग सारखा, काठ सारखे.

"सांग बघू, चांगलं कुठलं?"

अंजनीनं हात वरखाली केले. "हे डाव्या हातातलं. भारी हाय."

"झालं! गिऱ्हाइकासारखीच बोललीस." त्यांनी तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि डाव्या लुगड्याचा कोपरा चोळला. बोटांना पांढरा चिकटा लागला. "खळ हाय ही. पिठाची खळ. दाबून भरली की लुगडं जड लागतंय, कडक लागतंय. एकदा धुतलं की गेली. हे दुसऱ्याच्या मागावरचं हाय, नमुन्याला ठेवलंय." मग त्यांनी खुंटीवरचं भिंग काढून तिच्या हातात दिलं. "आता बोटभर रुंदीत उभ्या तारा किती, ते मोज. दोन्हींच्या."

अंजनीनं मोजल्या. मान दुखेस्तोवर मोजल्या. जड लुगड्यात तारा कमी होत्या आणि हलक्यात जास्त.

"वजनावर जायचं न्हाय, पोरी," कल्लाप्पा म्हणाले. "वजनात खळ येती, सुताची जाडी येती, काय वाट्टेल ते येतंय. तारा मोज. तारा सांगतील ते खरं."

अंजनी भिंग हातात धरून तशीच बसली. मग एकदम उठली आणि तक्त्याकडे धावली. म्हणजे आर्गॉन जड असेल, पण त्याचा आकडा कमी असू शकतो! त्याच्या पोटात खळीसारखं काहीतरी जास्त असेल, ज्याला वजन आहे पण जे मोजणीत धरत नाहीत. पुस्तकवाल्यानं लुगडं हातावर तोललं होतं. मास्तरांनी तारा मोजल्या होत्या.

तिनं तक्त्याच्या रांगा बघितल्या. सारख्या स्वभावाची मूलद्रव्यं एकाखाली एक येतील अशा त्या मास्तरांनी आखल्या होत्या. चिठ्ठीप्रमाणे मांडलं तर पोटॅशियम बरोबर सोडियमच्या खाली येत होतं. आणि मास्तरांनी कॉलेजातून रॉकेलात बुडवून आणलेला पोटॅशियमचा वाटाण्याएवढा तुकडा तिनं बघितला होता. पाण्यात टाकताच तो जांभळ्या ज्योतीनं पेटून भांडंभर पळत सुटला होता. सोडियमही तसंच, फक्त जरा सबुरीनं. पुस्तकाप्रमाणे मांडलं असतं तर सोडियमच्या खाली आर्गॉन आला असता, कशातच न मिसळणारा, कोपऱ्यात गप्प बसणारा वायू. हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही?

दिवस मावळायच्या आत तिनं दोन्ही चौकटी भरल्या. अठरा लाल, अठरा निळे. एकोणीस लाल, एकोणीस निळे. शेवटची गाठ मारली आणि सुई कापडाच्याच कोपऱ्यात टोचून ठेवली.

तरी चैन पडलं नाही. काहीतरी राहून गेलं आहे असं तिला सारखं वाटत होतं, पण काय ते सापडत नव्हतं.

सोमवारी सकाळच्या मोटारीनं मास्तर आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. "आई बरी आहे," एवढंच म्हणाले आणि भिंतीवर लावलेल्या तक्त्यासमोर उभे राहिले. एकेका चौकटीवर बोट ठेवत गेले. अठराव्यावर थांबले, एकोणिसाव्यावर थांबले, आणि वळून अंजनीकडे बघून मान हलवली. अंजनीनं चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

साडेदहाला तपासनीस साहेब आले. म्हातारे होते, जाड भिंगांचा चष्मा, काखेत छत्री. त्यांनी छत्री टेबलाला टेकवली आणि कुणाशी न बोलता तक्ता वाचायला सुरुवात केली. वर्ग असा गप्प, की बाहेरच्या मागांची खटक-खट आत ऐकू येत होती.

"कुणी केला हा?"

अंजनी उभी राहिली. 

"आर्गॉनचं वजन काय लिहिलंयस?"

"एकोणचाळीस पूर्णांक नऊ."

"पोटॅशियमचं?"

"एकोणचाळीस पूर्णांक एक."

"मग जड आधी आणि हलकं नंतर? हे उलटं नाही झालं?"

"न्हाय," अंजनी म्हणाली, आणि जीभ चावून पुन्हा म्हणाली, "नाही, साहेब. वजनावर जायचं नाही. वजनात खळ येते." आणि तिनं दोन लुगड्यांची हकीगत सांगून टाकली. भिंग, कोपरा, बोटांना लागलेला पांढरा चिकटा, सगळी.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते खूश झालेले दिसत होते. "खळ! बरं नाव शोधलंस. अगं, ती खळ सापडलीसुद्धा, पाच वर्षांपूर्वी विलायतेत. न्यूट्रॉन म्हणतात तिला. वजन आहे, भार नाही. बहुतेक आर्गॉनमध्ये ते बावीस असतात आणि बहुतेक पोटॅशियममध्ये वीसच. म्हणून आर्गॉन जड." ते पुन्हा तक्त्याकडे वळले. "आता एक सांग. पोटॅशियम पाण्यात टाकलं की ते आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. किती उरले?"

"अठरा."

"अठरा. मग आता त्याचं नाव काय?"

अंजनीनं विचारच केला नाही. तारा मोज. तारा सांगतील ते खरं. निळे अठरा कुणाचे?

"आर्गॉन," ती म्हणाली.

मास्तरांचा हात खडूवर होता तो तिथंच थांबला.

"नक्की?" साहेबांनी विचारलं. "पोटॅशियम राखेत असतं. तुमच्याकडे भांडी राखेनं घासतात ना? त्यातल्या पोटॅशियमनं आपला इलेक्ट्रॉन केव्हाच देऊन टाकलेला असतो. मग राखेत आर्गॉन आहे म्हणायचं?"

मागून जयवंता पुटपुटली, "मग आमच्या चुलीत आर्गॉनचा ढीगच हाय की!" दोन-तीन मुली फिसकन हसल्या. अंजनीचे कान तापले. राखेत वायू नसतो, हे तिला दिसत होतं. पण मोजणी तर बरोबर होती! तिनं मास्तरांकडे बघितलं. मास्तर बोलणार असं वाटलं, पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. आवाज रागाचा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "मास्तर, पोरी हुशार आहेत तुमच्या. पण प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दोन्ही सारखे म्हणून पाठ केलं, आणि दोहोंतला फरक राहून गेला. बघू. खालचा वर्ग तपासून येतो. अर्ध्या तासानं इथंच बसून शेरा लिहितो."

ते बाहेर पडले आणि त्यांच्यामागून मास्तरही. अंजनी दाराशी गेली, परत आली, तक्त्यासमोर उभी राहिली, पुन्हा दाराशी गेली. मग तिनं ओचा खोचला आणि पळत सुटली.

घरी माग बंद होता. तार तुटली होती. कल्लाप्पा मागावर ओणवे होऊन तुटलेलं टोक शोधत होते. अंजनी धापा टाकत त्यांच्याजवळ गेली.

"आप्पा, तार तुटली?"

"दिसत न्हाय व्हय? आणि तू शाळा सोडून हितं काय करतीस?"

"आप्पा, एक तार कमी झाली. मग आता ह्या लुगड्याचं नाव बदललं? खालच्या नंबरचं झालं हे?"

कल्लाप्पांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. "डोकं फिरलंय काय गं तुझं? नंबर फणीचा असतोय."

विणकराची फणी तुम्ही बघितली नसेल, तर सांगतो. केसांच्या फणीसारखीच असते, पण दोन्ही बाजूंनी बंद आणि मागाच्या रुंदीएवढी लांब. तिच्या दातांमधल्या फटींना घर म्हणतात. ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, प्रत्येक तार आपापल्या घरातून ओवलेली असते. जितकी घरं, त्या हिशेबानं तारा, आणि त्यावरूनच लुगड्याचा नंबर, म्हणजे त्याचं नाव.

"पण काल तुम्हीच म्हणालात तारा मोज म्हणून!" अंजनीचा आवाज रडवेला झाला.

"मग? इणून झालेल्या लुगड्यात फणी असती व्हय? ती मागावरच राहती. म्हणून तारा मोजायच्या. तार हाय म्हंजे तिचं घर हाय, असं धरायचं." त्यांनी तिचं बोट धरून फणीवर ठेवलं. दोन तारांच्या मध्ये एक फट रिकामी होती. "हे बघ. तार तुटती, सुटती, शेजारच्या घरात जाऊनसुद्धा बसती. मग काय, कापडात रेघ दिसती. ऐब दिसतोय. पण घर कुठं जातंय? ते हितंच हाय. रिकामं, पण हाय."

अंजनी त्या रिकाम्या घरावर बोट ठेवून उभी राहिली. "निळे म्हंजे तारा," ती पुटपुटली, "आणि लाल म्हंजे घरं." मग ती वळली.

"अगं, पण शाळा सुटली का?" कल्लाप्पा ओरडले.  दारात सूत घेऊन येणाऱ्या दुर्गाबाईंना धक्का देऊन पोरगी गल्लीत गेली होती.

ती वर्गात पोचली तेव्हा साहेब टेबलाशी बसले होते. शेऱ्याची वही उघडी होती आणि दौतीत बुडवलेली लेखणी पहिल्या ओळीच्या शेवटापर्यंत गेली होती. मास्तर खिडकीशी पाठमोरे उभे होते. मुली खाली मान घालून बसल्या होत्या. जयवंताही.

"कुठे गेली होतीस?" साहेबांनी विचारलं.

अंजनीला इतकी धाप लागली होती की बोलता येईना. तिनं बोलायचा प्रयत्नही केला नाही. ती तक्त्यापाशी गेली. एकोणिसाव्या चौकटीत बाहेरच्या बाजूचा एक निळा टाका तिनं नखानं उचलला, मागची गाठ दातांत धरून तोडली आणि टाका हळूच ओढून काढला. बोटभर निळा दोरा तिच्या हातात आला. लाल टाक्यांना तिनं हातही लावला नाही. लावला असता तरी ते निघाले नसते.

मास्तर खिडकीपासून वळले.

तिनं कापडाच्या कोपऱ्यात टोचलेली सुई घेतली आणि तो दोरा ओवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. मग ती तक्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेली, सतराव्या चौकटीशी, जिथं दुसऱ्याचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेणारा क्लोरिन होता. त्याच्या सतरा निळ्या टाक्यांशेजारी तिनं तो काढलेला टाका घातला. अठरावा. मागं गाठ मारली.

आता क्लोरिनचे निळे अठरा होते. शेजारी आर्गॉनचे अठरा होतेच. आणि खालच्या रांगेत पोटॅशियमचेही अठराच उरले होते. लाल मात्र सतरा, अठरा आणि एकोणीस, होते तसेच होते.

साहेबांची लेखणी वहीवर टेकून राहिली होती. शाईचा ठिपका पसरत चालला होता. त्यांनी खाली बघितलं, लेखणी उचलली आणि लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ ओढली.

अंजनीनं सुई पुन्हा कोपऱ्यात टोचली. तीन चौकटींपैकी सतराव्या चौकटीच्या मधोमध, त्या दाट लाल गुंत्यावर बोट ठेवलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात ती मोजू लागली, "एक, दोन, तीन..."